माणूस पुढे, प्लॅन मागे

वृद्धाश्रमात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्याकडचे बहुतेक केअर प्लॅनपायी घडलेत. कुणाला किती आधार द्यायचा, काय खायला द्यायचं, हे प्रत्येकाच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. मी इथली इनचार्ज सिस्टर. दर महिन्याला ते ताजे करायचं काम माझं. पण म्हातारं माणूस बदलायला महिनाअखेरीची वाट बघत नाही!

*

गुरुजींच्या प्लॅनमध्ये होतं, 'ऐकू कमी येतं, मोठ्याने बोला.' पुढे मुलीनं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं, ते प्लॅनमध्ये चढलंच नाही. ड्युटी बदलली की नवी बाई प्लॅन वाचायची आणि गुरुजींच्या कानाशी जाऊन ओरडायची. गुरुजी जुन्या वळणाचे, बाईमाणसाला उलटून बोलणं त्यांच्यानं होईना. शेवटी मशीन काढून माझ्या हातात ठेवलं.

म्हणाले, "सिस्टर, बहिरा होतो तेच बरं होतं."

*

पाटील आजींचा किस्सा हसण्यासारखा नाही. त्यांना वरच्या मजल्यावरून खाली आणलं तेव्हा प्लॅन नव्यानं लिहिला गेला आणि त्यात एक ओळ गळाली. रात्रीचं ताट आजी रोज परत पाठवायच्या. मुळात बोलणं कमी. वजन उतरायला लागलं. डॉक्टरांनी भुकेचं औषध दिलं, नाकातून नळी घालायचाही विषय निघाला.

कोल्हापुरात पाटील मराठा असतात तसे जैनही असतात. खालच्या मजल्यावर हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी जवळ बसून विचारलं, आजी, भूक का लागत नाही?

"लागती की. पण दिवस मावळल्यावर आणताय तुम्ही."

सूर्यास्तानंतर जेवण नाही, हीच ती गळालेली ओळ. दुसऱ्या दिवशी ताट उजेड असतानाच गेलं आणि रिकामं परत आलं.

*

तात्या राधानगरीकडचे, म्हशी पाळणारे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलानं इथं आणताना सांगितलं होतं, स्वतःच्या पायानं चालायला लागले की घरी नेतो. त्यामुळे प्लॅन ताजा राहावा म्हणून माझ्यापेक्षा जास्त धडपड तात्यांची! दोघांच्या आधारावरून वॉकरवर आले, वॉकरवरून काठीवर. प्रत्येक वेळी मला गाठून नवं लिहायला लावायचे.

एकदा मी 'काठीने चालतात' असं लिहिलेलं त्यांनी वाचून घेतलं. काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर व्हरांडा पार करून दाखवला. कपाळावर घाम आला होता. पडले असते तर, म्हणून मी त्यांना चांगलंच तासलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खोडा आधी. म्हशीला माझ्या हाताची सवय हाय. दुसऱ्याला पान्हा सोडत न्हाय ती."

मी खोडलं.

*

मग मुलाला फोन करून कळवलं, तात्या आता आधाराशिवाय चालतात. तो रविवारी येतो म्हणाला. तात्यांनी सकाळीच दाढी केली, पिशवी भरली आणि ती घेऊन भेटीच्या खोलीत जाऊन बसले.

मुलगा आला तो दाराबाहेर माझ्याशीच बोलत थांबला. तो कागलला कारखान्यात शिफ्टवर, बायकोही कामाला. म्हशी विकून टाकल्या होत्या. दिवसभर घराला कुलूप, मागं यांना कोण बघणार? "सिस्टर, त्यास्नी न्हाय म्हणायचं तोंड न्हाय मला."

दार उघडंच होतं.

आम्ही आत गेलो तेव्हा तात्या तिथल्या व्हीलचेअरवर बसले होते. पिशवी कुठं दिसत नव्हती.

"आलास व्हय? मी येनार हुतो रं, पर पाय अजून जिमिनीवर ठरंना झालाय. पावसाळा सरू दे, मग बघू."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी तात्यांचे पाय व्हीलचेअरच्या पट्टीवर नीट ठेवले. तो पाया पडला, आणलेली केळी ठेवली आणि डोळे पुसत निघाला.

गाडी फाटकाबाहेर पडली. तात्या उठले, व्हीलचेअर ढकलत कोपऱ्यात नेऊन नीट लावली आणि गुरुजींबरोबर चहाला गेले.