खिडकी क्रमांक एक्केचाळीस

टोकनच्या हॉलमध्ये खिडक्या सहाच होत्या. तरी त्या सोमवारी सकाळी स्पीकरमधून शांत, स्वच्छ आवाज आला, "टोकन एकशे अठरा, खिडकी क्रमांक एक्केचाळीस," आणि मांडीवर फाइल घेऊन बसलेले एक आजोबा निमूट उठले. सहाही खिडक्या ओलांडून ते पुढे चालत गेले. बऱ्याच वेळानं शिपायाला सापडले ते मागच्या बोळात, कोऱ्या भिंतीसमोर. आपल्यापुढे आणखी दोघं-तिघं असावेत तसं अंतर राखून उभे होते.

"त्या बाईंनी इतक्या आपुलकीनं बोलावलं," ते म्हणाले, "म्हटलं, असेल इथेच कुठेतरी."

टोकन पुकारणारं हे यंत्र बनवणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे यादीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडे. अठरा वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या माडीवर दोन खोल्यांची कंपनी होती, तिथं त्यांनी हा प्रोग्रॅम असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्याच भाषेत, लिहिला. त्यात कामं लहान लहान प्रोसिजरमध्ये वाटलेली असतात, आणि सगळ्यांना मिळून प्रोसेसरच्या पोटातले मोजके कप्पे वापरायचे असतात. त्या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. यादीबाई प्रत्येक प्रोसिजरच्या दाराशीच लिहून ठेवत: आत येताना काय काय आणायचं, आणि आत कुठल्या कप्प्यांना हात लागणार. यादीत ज्याचं नाव, त्या कप्प्यातला ऐवज आधी बाजूला काढला जातो आणि निघताना जसाच्या तसा परत ठेवला जातो. नाव लिहायचं राहिलं, तर आधीच्याच्या ऐवजावर आपला पडतो. आधीचा बिचारा परत येऊन तोच आपला समजून उचलतो.

"यादीबाई, चहाला निघालात, कुठल्या कपाला हात लावणार ते लिहिलंत का?" बरोबरचे विचारत.

"लिहिलंय. तुझ्याच. धुऊन ठेव."

आवाजासाठी निवेदिका परवडणार नव्हती, म्हणून त्यांची थोरली बहीण, ताई, आली. ताई शाळेत शिकवायची. कपाटात गोधड्या टांगून, त्यांच्यात उभी राहून, तिनं 'टोकन', 'खिडकी क्रमांक', 'एकशे' आणि मग एकपासून शंभरपर्यंत एकेक आकडा म्हटला. आपल्या भाषेत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा, दोन जोडून तिसरा करता येत नाही. "एकोणऐंशीला माझा श्वास संपला गं," असं म्हणत घामाघूम होऊन ती बाहेर आली होती.

गेल्या पावसाळ्यात ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती पाटीवर लिहायची. घाई असली की नुसते ओठ हलवायची, आणि यादीबाईंना ते हळूहळू वाचता येऊ लागले होते. टेपा कधीच बुरशीनं गेल्या होत्या. ताईचा आवाज आता फक्त त्या हॉलमधल्या यंत्रात उरला होता.

"शनिवारपर्यंत," साहेब म्हणाले. "चूक सापडली तर ठीक. नाहीतर नवीन मशीन येतंय, आवाजासकट. माणसं भिंतींसमोर उभी राहायला लागलीत हो बाई!"

चिप काढून घरी नेता आली असती. पण ड्रॉवरमध्ये पडलेला आवाज कोणाला हाक मारणार?

मंगळवारी खिडकी सतरा. बुधवारी बावन्न. शिपाई जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. यंत्राला काहीतरी लागलंय."

"मलाच लागलंय. झोप सोडून सगळं लागलंय."

पण मध्ये मध्ये, हॉल ओसरला असताना, तो आवाज मान वळवायला लावायचा. तो चुकल्यासारखा वाटतच नसे. कुठेतरी बावन्नावी खिडकी आहे आणि ती आपल्याला अजून दिसलेली नाही, एवढंच.

शिपाई चुकलेल्या हाका वहीत टिपून ठेवी; गुरुवारी दुपारी यादीबाईंनी त्याच्याकडून त्या वेळा मागितल्या. एक्केचाळीस आलं तेव्हा अकरा एक्केचाळीस झाले होते. सतरा आलं तेव्हा दोन सतरा. त्यांनी वही मिटली आणि घड्याळाची प्रोसिजर उघडली.

फलकावर वेळ दाखवणारी प्रोसिजर नवीन होती. त्यांनी ती ऑपरेशनच्या दिवशी लिहिली होती, दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप ठेवून; यंत्रात ती घातली गेली मात्र याच आठवड्यात. घड्याळ दर मिनिटाला चालू काम थांबवून आत येई, मिनिटांचा आकडा एका कप्प्यात टाकी आणि निघून जाई. नेमकी त्याच क्षणी ताई बोलत असली, तर त्या कप्प्यात खिडकीचा आकडा असे. दाराशी यादी होती. त्या कप्प्याचं नाव मात्र तीत नव्हतं. यादीबाईंच्या हातून, अठरा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी एक नाव वाढवलं. शुक्रवारी दिवसभर आवाज एकदाही चुकला नाही.

शनिवारी ताई ऐकायला आली. गळ्याभोवती ओढणी गुंडाळून पहिल्या रांगेत बसली. साहेबांनी काचेमागून स्वतः बटणं दाबून पाहिली, मान डोलावली. "राहू दे. चांगला आवाज आहे," ते म्हणाले आणि जेवायला गेले. तो कोणाचा हे त्यांना माहीत नव्हतं.

यादीबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण साहेब बटणं दाबत असताना त्यांचं लक्ष ताईच्या ओठांकडे गेलं होतं. ताई आवाजाबरोबर आकडे म्हणत होती. बरोबर नव्हे, जरा आधी. टोकनचा आकडा क्रमानं येतो, तो कोणीही सांगेल. खिडकी मात्र साहेबांच्या मनावर होती. ताईचे ओठ "चार" म्हणाले, मग चारचा दिवा लागला, मग आवाज आला.

हॉल रिकामा झाल्यावर यादीबाई स्वतः काचेमागे बसल्या. बटणांवर फाइल आडवी धरली. पाच दाबलं. ताईचे ओठ आधीच पाच म्हणून मिटले होते. एक. तीन. परत तीन. ताई रागावलेली नव्हती, घाबरलेलीही नव्हती. वर्गात हजेरी घेताना बसायची तशी ताठ बसली होती.

"ताई, तुला कसं कळतं गं?"

ताईनं पाटी ओढली. "काय कळतं? मी तर नुसती बोलतेय, छोटे."

यादीबाईंनी प्रोग्रॅम उघडून बोलण्याच्या प्रोसिजरचं दार पाहिलं. आत येणाऱ्या गोष्टी दोनच: टोकन आणि खिडकी. दोन्ही बटणांकडून. तिसरी कुठून येण्याची सोयच नव्हती. सगळं जिथल्या तिथे लिहिलेलं होतं, आणि बरोबर होतं.

त्यांनी हात मांडीत घेतले. काहीच दाबायचं नाही, असं ठरवलं. फक्त मनात म्हटलं, दोन.

ताईचे ओठ हलले. दोन.

मग ती थांबली. तिनं मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. काहीच आलं नाही. फलकावर मिनिट पुढे सरकलं. ताईचा हात ओढणीवरून गळ्याशी गेला, तिथेच राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर शुद्धीवर येतानाची ती पहिली भीती उमटू लागली.

यादीबाईंनी घाईघाईनं दोनचं बटण दाबलं.