झाडावर राहिलेली वांगी

"मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि माझा धीर खचला. लोक रोग निघू नये म्हणून देवाला हात जोडतात. मी मोतीबिंदू निघावा म्हणून जोडले होते. तो काढता तरी येतो.

माझ्या नवऱ्याला पार्किन्सन्स आहे. म्हणजे मेंदूतलं डोपामिन नावाचं द्रव्य कमी पडतं, हात थरथरतो, चाल मंदावते. तेवढं आम्ही पत्करलं होतं. पण यंदा वांग्याच्या तोड्याला हे झाडावरची वांगी सोडून पुढे जाऊ लागले. नाचणगावच्या वावरातून माल सकाळच्या बाजाराला न्यायचा, म्हणून तोडा झुंजुमुंजूलाच. दोनदा चष्मा बदलला. पाल्यातलं जांभळं वांगं काही ह्यांना दिसेना.

सावंगीच्या दवाखान्यात ओसीटी केली. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर दाखवणारा फोटो. दुखत नाही, नुसती हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघायचं. पण डोकं हले आणि फोटो बिघडे. शेवटी मीच मागून ह्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. नातवंडं झाली, पण चारचौघांत असं धरायची ही पहिलीच वेळ.

"काका, पडद्याचा थर पातळ झालाय. पार्किन्सन्समध्ये काहींना असं होतं. अंधुक उजेडात रंगातला फरक कळत नाही. नुसत्या फोटोवरून सगळं सांगता येत नाही, पण चष्म्याने हे भरून येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग मी करू काय?" ह्यांनी विचारलं.

गोळ्या चुकवू नका, चांगल्या उजेडात काम करा, असं त्या म्हणाल्या. चांगला उजेड होईतो बाजार उठतो, हे त्यांना काय सांगायचं?

तुमच्या घरी कोणी असं चुकू लागलं, तर आधी डोळे दाखवा. रागवायचं मग बघा. याच्यापुढचा उपाय मला सापडलेला नाही. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि काही करता येत नाही.

आता तोडा मी आणि सून करतो. हे ऊन वर आल्यावर येतात. परवा आले तेव्हा ह्यांच्याकडून सुटलेली वांगी झाडावरच पिकून पिवळी पडली होती. अशा वांग्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. हे थबकले. थरथरत्या हातानं काटेरी देठ धरून एक तोडलं.

"हे पाह्य, मले दिसलं!"

"तोडा तुमी," मी म्हटलं. "बियाण्याले लागतेच."

बियाण्याला दोन-चार वांगी पुरतात. ह्यांनी टोपली भरली. मी शेजारी उभी राहून टोपली धरली.