धाब्यातले दात

आपोआप पडलेल्या दुधाच्या दातांना मी ‘मोडून काढलेले’ असं लिहून दिलं आणि एका म्हातारीला चावडीत बसवलं.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. मी चिखलीच्या दवाखान्यात नवा डॉक्टर. एका दुपारी पोलीस जमादार उंद्रीहून आला आणि टेबलावर फडकं सोडलं. आत लहान पोरांचे मूठभर दात. पिवळे पडलेले. एकालाही मूळ नाही.

उंद्रीच्या गयाबाईचं धाबं गळत होतं. धाबं म्हणजे लाकडांवर माती थापून केलेलं सपाट छत. ते उकरताना मातीतून दात पडू लागले. थांबेचनात. मजूर फावडी टाकून पळाले. गयाबाई विधवा, मूलबाळ नाही, आणि गावातलं एक पोर जत्रेपासून बेपत्ता. लोकांना एवढं पुरलं.

जमादाराने तिलाही सोबत आणलं होतं. ती दारातूनच म्हणाली, “साहेब, पोराईचे पडेल दात धाब्यावरच फेकतेत न जी! माह्या सासऱ्याच्या घरात लय लेकरं वाढले.”

“पडलेल्या दाताला मूळ असतं, बाई,” मी म्हणालो. पुस्तकातल्या चित्रात असतं. मी ते चित्र उघडून दाखवलंसुद्धा.

“मंग याईचे मुळं गेले कुठी?” जमादाराने विचारलं.

“जबड्यात राहिली असणार. दात मोडून काढलेत.”

जमादार फक्त तिच्यापासून हातभर लांब सरकला. मी दाखला लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी शाबासकीच्या आशेने दात घेऊन मी बुलढाण्याला सिव्हिल सर्जनसाहेबांकडे गेलो. त्यांनी एक दात माझ्या हातावर ठेवला.

“नख फिरवा.”

मोडलेली कडा नखाला टोचते. ही टोचेना. कोणी चाटून गुळगुळीत केल्यासारखी होती. भिंगाखाली तर खळगेच खळगे दिसले, एकाला लागून एक, चमच्याने खरवडल्यासारखे.

“हे कोणी खाल्लं, सर?”

“ज्याचा दात, त्यानेच.”

आपल्या शरीरात हाड खाणाऱ्या मोठ्या पेशी असतात. खालून नवा दात वर येऊ लागला की त्यांच्याच जातीच्या पेशी दुधाच्या दाताच्या मुळावर बसतात. त्या खळग्यांत बसलेल्या दिसतात, एवढंच साहेबांना तेव्हा ठाऊक होतं. बाकीचं मी फार पुढे वाचलं. पेशी आपली कड हाडाला घट्ट चिकटवते, थेंबभरही बाहेर झिरपू नये इतकी. मग त्या बंद जागेत आम्ल सोडते. हाडातला चुना विरघळतो, उरलेली जाळी ती पाचक रसाने पचवते आणि पुढे सरकते. मागे खळगा राहतो. मूळ असं संपलं की दात गळतो. आणि हाडांत हे जन्मभर चालतं. तुम्ही हे वाचताय तेव्हाही तुमच्या मांडीत कोणीतरी जेवत बसलेलं आहे. खळगे बुजवणाऱ्या पेशी मागून येतात म्हणून आपण उभे आहोत.

“दाखला आजच फिरवा,” साहेब म्हणाले. “गाव तुमच्या नखाची वाट पाहणार नाही.”

परतताना वाटभर माझी जीभ दातांवरून फिरत होती. उंद्रीत पोचलो तर गयाबाईच्या दारापुढे दगडांचा ढीग जमलेला, आणि माणसं गप्प. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. चावडीत ती भिंतीला टेकून बसली होती. पाण्याचा तांब्या तिच्यापासून लांब ठेवलेला, हात पोचू नये असा.

मी सगळ्यांदेखत सांगितलं की दाखला चुकला, दात आपोआप पडलेले आहेत. घरोघरी पडतात तसेच. मग एका बाईने तांब्या उचलून गयाबाईपुढे ठेवला. जत्रेतलं पोर मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही.

तेव्हापासून मी पुस्तक उघडण्याआधी नख फिरवतो.

गयाबाई पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि मला खालीवर न्याहाळलं.

“काऊन हो डाक्तर, तुमच्या मायनं तुमचे दात पेटीत जपून ठेवले होते काय?”