उंबऱ्याखालचा राखणदार

स्तामेनाने त्या परदेशी पोरीला घराबाहेर काढलं आणि वर तिच्या पिशवीत साप सोडला, अशी बातमी दुकानासमोरच्या बाकावर दुपारपर्यंत शिजली होती. संध्याकाळपर्यंत तो साप विषारीही झाला. खरं पाहता कुणी कुणाला काढलं नव्हतं. बाहेर काढला होता तो सापच, आणि तोही त्या पोरीने.

स्तामेना आमच्या शाळेची झाडलोट करते आणि चौदा मुलांसाठी घेवड्याचं सूप रांधते. फिनलंडहून दहा महिन्यांसाठी आलेली वेन्ला तिच्याच माडीवर राहायची. मुलांना रान, पाखरं, सरपटणारे जीव ओळखायला शिकवायचं, एवढंच काम. पगार नाही. "फुकट राबायला एवढ्या लांब कोण येतं? घरी काहीतरी दिवे लावून आली असणार," असं आम्ही आधी म्हणून घेतलं, पण पोरगी गुणाची निघाली.

स्तामेनाच्या उंबऱ्याखाली साप आहे, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. जुन्या घरांना असतोच. तो घराचा राखणदार. त्याला मारायचं नाही, हुसकायचं नाही. तो गेला तर वर्षाच्या आत घरातलं एक माणूस जातं. चौतीस वर्षं स्तामेना त्याच्यासाठी दुधाची वाटी ठेवत आली, आणि चौतीस वर्षं त्याला भीत आली. घरात शिरताना तीनदा पाय आपटायचा, "मी आहे रे" म्हणायचं, मगच आत. तो दिसला दोनदाच, तोही शेपटाकडून.

त्या मे महिन्यात तिच्या नवऱ्याला, व्हल्कोला, हृदयाची झडप बदलायला बुर्गास शहरातल्या इस्पितळात नेलं होतं. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. दोन रात्री त्याच्याजवळ काढून गुरुवारी दुपारच्या बसने स्तामेना शेळ्यांसाठी घरी आली, तर वेन्ला पायरीवर हसत उभी.

"मावशी, काल मुलांना तुमच्या उंबऱ्याखालचा साप दाखवला. बिनविषारी आहे. मोजला, आणि नदीपलीकडे गिरणीपाशी सोडून आले. आता त्याला कुणी मारायचं नाही."

"मुलं काही बोलली नाहीत?"

"म्हणाली, हा स्तामेनाआजीचा आहे. मला गंमत वाटली."

स्तामेना मटकन खाली बसली. "उद्या आठ वाजता माझ्या माणसाची छाती उघडणार आहेत," ती म्हणाली, "आणि तू आमचा राखणदार नदीपार करून आलीस."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. हे सगळं खोटं असतं, असं ती म्हणाली असती तर आम्ही समजून घेतलं असतं. पण ती सरळ बूट चढवून आली. "चला. जागा मला माहीत आहे."

पडक्या गिरणीच्या भिंतीवर ऊन होतं आणि उन्हात साप होता. वेन्लाने तो अलगद उचलला, फुटपट्टी लावली, वहीत पाहिलं आणि पुन्हा फुटपट्टी लावली.

"बोल की," स्तामेना दहा पावलांवरून म्हणाली.

"हा चार बोटं लहान आहे, मावशी. दुसराच असेल. किंवा काल मी नीट मोजला नसेल. मुलं ओढत होती."

आता पंचाईत. परका राखणदार घरात नेला तर काय होतं, हे सासूने कधी सांगितलं नव्हतं. आणि उंबरा रिकामा राहिला तर काय होतं, हे मात्र रोज सांगितलं होतं. सूर्य टेकडीला लागत आला. स्तामेनाने डोळे मिटले आणि एप्रन पसरला, कारण राखणदार घरच्या बाईनेच ओच्यातून आणायचा असतो.

"घाल."

अर्ध्या तासाची वाट. ओच्यात तो पोटाशी वळत होता, थांबत होता, पुन्हा वळत होता. ओचा सुटेल म्हणून हात काढवेना, आणि हाताला तो लागायचा. नदीच्या मध्यावर तिचा पाय घसरला. वेन्लाने दंड धरला, तो काठ लागेपर्यंत सोडला नाही. घरी पोचल्यावर तिने ओचा सोडला. साप क्षणभर दगडावर थबकला आणि मग सावकाश उंबऱ्याखाली गेला.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. स्तामेना फोनकडे बघत राहिली, हात पुढे होईना. शेवटी वेन्लाने उचलला. फोनवर भरभर बोललेलं तिला अर्धंच कळतं, त्यामुळे ती "हो, हो" म्हणत राहिली आणि स्तामेना भिंतीला टेकून तेवढ्यावरून बरं की वाईट ते ताडत राहिली. मग पोरगी वळली. "शुद्धीवर आलेत. कॉफी मागताहेत. नर्स देत नाही."

तीन आठवड्यांनी व्हल्को घरी आला. स्तामेना अजून तीनदा पाय आपटूनच आत शिरते. उलट जरा जोरातच, नवा ओळखीचा नाही ना. बाकावरच्या पेन्काला हे बघवेना.

"काय गं स्तामेने, चार बोटं कमी भरला म्हणे. दुसऱ्या कुणाचा तरी राखणदार उचलून आणलास की तू."

स्तामेनाने हातातली पिशवी खाली ठेवली. "व्हल्को तरी गेला तसाच आलाय का? बारा किलो कमी, रकियाच्या बाटलीला शिवत नाही, सकाळी उठून फिरायला जातो. तोही दुसऱ्याच कुणाचा तरी दिसतो. ठेवून घेतलाच ना मी?"