आक्काला शिकवलेला वारसाहक्क

घोटाळे तर मी आयुष्यात बरेच केलेत. पण हा एक मी अभ्यास करून, तक्ता काढून, वर दोन एसट्यांनी प्रवास करून केला. तेव्हा जरा निवांत ऐका. चहा यायला वेळ आहे.

मागच्या वर्षी आमचे तात्या गेले. वय झालं होतं. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी संपले. तेलगावच्या शिवारात त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली चार एकर जमीन होती. मृत्युपत्र नव्हतं. मी एकदाच तो विषय काढला होता, तर म्हणाले, "काहून रं? मी मरायला लागलो का?" पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मागे आम्ही तिघं. आई, मी आणि माझी थोरली बहीण कुसुम, म्हणजे आक्का. ती लग्न होऊन कड्याला असते. मी तेलगावातच राहतो आणि माजलगावच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो.

सातबाऱ्यावर आमची नावं लावायला तलाठ्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, मृत्यूचा दाखला आणा, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र द्या. तिघांची बी नावं लागतेन."

"बहिणीचं नाही लावलं तर?"

"तसं कसं? त्यांना नको आसल तर त्यांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. राजीखुशीनं."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या मनात तेच होतं. आक्काचं कड्याला बरं चाललेलं. तिनं जन्मात माहेरचं काही मागितलेलं नाही. एक सही करायला ती कशाला नाही म्हणेल? असं म्हणून मी निर्धास्त होतो.

तेवढ्यात तिचा फोन आला.

"तात्याचे कागद कुठं हायेत रे?"

"कसले कागद?"

"आसतेन की त्येंचे. मला एक लागल त्यातला."

"कशाला?"

"आल्यावर सांगते. तू फेकू नको, म्हंजे झालं."

कागद म्हणजे जमिनीचेच, असं मी धरून चाललो. त्यात चारच दिवसांनी गावातला नामदेव भेटला. तो सोयरिकीच्या कामाला आष्टीला गेला होता. म्हणाला, "सर, कुसुमाक्का दिसल्या ओ आष्टीत. वकिलाच्या जिन्यावरून उतरत व्हत्या. मी हाक मारलती, पण घाईत व्हत्या."

कागद मागितले. वकिलाकडे गेली. आता अजून काय पाहिजे?

बायको म्हणाली, "अवो, त्यांनाच फोन करून इचारा की."

"काय विचारू? हिस्सा मागतेस का म्हणून?"

"मग आईला बोलायला लावा."

आई म्हणाली, "मी न्हाई बाबा. ती माझी लेक हाय, तू माझा ल्योक हायस. तुमचं तुमी बघा."

मग मी माझं डोकं लावलं. वकिलानं आक्काला सगळं सांगितलेलंच असणार. तर लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. आपणच जायचं, कायदा जसाच्या तसा तिच्यापुढे मांडायचा. भाऊ किती सरळ आहे हे बघून ती विरघळणार. ती विरघळली की हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे करायचा. मला वाटलं, काय बेत आहे!

तीन संध्याकाळी बसून मी वारसाचा कायदा वाचला. शाळेतून एक कार्डशीट आणलं. वर एका चौकटीत तात्या, त्यांच्या खाली तीन चौकटी, आई, आक्का, मी. मुलीच्या वाट्याखाली लाल पेनानं रेघ मारली. सवय असते हो आमची, महत्त्वाचं असलं की लाल.

बीडला गाडी बदलून दुपारी कड्याला पोचलो. पिशवीत तात्यांची सगळी फाइल होतीच. आक्कानं पिठलं-भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी तक्ता भिंतीला टेकवून उभा केला. आक्का आणि दाजी समोर बसले. दाजी कमी बोलणारा माणूस. पानाला चुना लावता लावता ऐकत होते.

"आक्का, हे बघ. तात्या मृत्युपत्र न करता गेले. अशा वेळी कायदा काय म्हणतो? मुलगी ही प्रथम वर्गाची वारस."

"म्हंजी?"

"म्हणजे पहिल्या रांगेत. आई, तू आणि मी."

"माझं तर लगीन झालंय की."

"लग्नाचा काही संबंध नाही. लग्न झालं तरी हक्क जात नाही."

"आन तुझ्यापरीस कमी आसल ना?"

"कमी कसा? सारखा. तिघांना तीन समान वाटे."

दाजींचा चुन्याचा हात थांबला. "सर, त्ये जरा फिरून सांगता का?"

मी फिरून सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणून उदाहरण दिलं. चार एकराचे तीन भाग कागदावर पाडून दाखवले. विहिरीच्या पाण्यातही वाटा असतो, हे तर मी कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. तासभर मी अगदी रंगून शिकवत होतो.

मग म्हणालो, "अर्थात, हे सगळं वकिलानं तुला सांगितलंच असेल."

"कोणच्या वकिलानं?"

"आष्टीच्या. नामदेवनं तुला जिन्यावरून उतरताना बघितलं."

आक्का माझ्याकडे बघतच राहिली. "आरं, वर फोटोवाला हाय. वकील खाली बसतो. तात्याचा एकल्याचा एक बी फोटो माझ्याकडं न्हाई. म्हणलं, कोण्या कागदावर बारका चिकटवलेला आसल तर मोठा करून घेऊ. फोटोवाला म्हणला, व्हतंय, घिऊन या."

मी फाइल उघडली. बँकेच्या जुन्या पासबुकावर तात्या होते, टोपी घातलेले, जरा चिडलेले. आक्कानं पासबुक दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ पदर डोळ्याला लावून बसली. खोटं सांगत नाही, मलाही जड गेलं. हिला एक फोटो पाहिजे होता, आणि मी तक्ता घेऊन आलो होतो.

पण मसुदा पिशवीतच होता, आणि माणसाचा स्वभाव जात नाही. घसा खाकरून मी म्हणालो, "तर मग आक्का, तुला काही नकोच असेल तर, एक सही..."

"कसली सही?"

"हक्क सोडल्याची."

तिनं डोळे पुसले. "आल्या आल्या मागितली आसतीस तर केली आसती बाबा. मला वाटायचं, लेकीचं काई नसतंयच. आता तूच तासभर समजून सांगितलंस, त्ये काय उगंच?"

दाजी पान तोंडात टाकत म्हणाले, "लई चांगलं शिकिवता, सर."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं तलाठ्यापुढे. आई, आक्का, मी. त्यानं तिन्ही नावं वाचली. आक्कानं 'तिघांचे वाटे सारखे लिवा' म्हटलं, तसं त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "ताई, तुमाला बरं म्हाईत हे सगळं. कुणी सांगितलं?"

आक्कानं माझ्याकडे बोट केलं. "ह्येनं. कड्याला यिऊन, तक्ता काढून."

तलाठ्यानं पेन खाली ठेवला. मला वाटलं, आता हा माझं कौतुक करतो.

"सर," तो म्हणाला, "एक इनंती हाय. मला दोन बहिणी हायेत, पाटोद्याला. तिकडं कवा गेलात, तर शिकवू नका."