देवराईत शिरलेलं भेकर

माझ्या धाकट्या दिराने भेकराला बाण मारला, त्या सकाळी माझी देवीवर फार श्रद्धा होती असं मी म्हणणार नाही. गुडघे ठणकत होते, रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता आणि घरात शहाणं माणूस एकही नव्हतं. दीर कंपनीतून रिटायर झाल्यापासून मोबाइलवर बघून धनुष्यबाण चालवायला शिकला होता. डुकरं मारायला म्हणून धुक्यात बांधावर बसला, काहीतरी हललं आणि याने बाण सोडला. डुक्कर नव्हतंच ते. आमच्या डोंगरावरचं भेकर होतं, कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. मांडीत बाण घेऊनच पळालं.

"वहिनी, चुकून लागला," तो दारात येऊन म्हणाला.

"मला काय सांगतो? त्या जनावराला जाऊन सांग."

"आता काय करू?"

"हुडकायचं. कुत्री जित्तं फाडतील त्याला. चल म्होरं."

कंपन्यांच्या खरकट्यावर माजलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या आमच्याकडे आता गावापेक्षा मोठ्या झाल्या आहेत. रक्ताचा वास लागला की त्या सोडत नाहीत. म्हणून पाय ओढत मी निघाले. गवतावर रक्ताचे थेंब होते, पण दीर पुढे चालायचा आणि त्यावरच पाय द्यायचा. "बाजूनं चाल की रं, माग मोडतोस," असं किती वेळा सांगितलं असेन! एखादा थेंब दिसला की मी तिथे दगड ठेवायला लावी, म्हणजे पुढे चुकलो तर निदान तिथवर परत येता येईल. असं करत करत कंपनीच्या भिंतीकडेने आम्ही डांबरी रस्त्याला लागलो आणि तिथे सगळं संपलं. ट्रकांच्या चाकांनी रस्ता पुसून काढलेला. पलीकडे थेंब नाही, खूर नाही.

मग मात्र मी देवीलाच बोलले. रस्त्याच्या कडेला उभं राहून, मोठ्याने. "तुझ्या डोंगराचं जनावर, तुला दिसत न्हाई? मग ते चांदीचे डोळे कशाला बसवून घेतलेस?" दीर घाबरून इकडे तिकडे बघू लागला.

बसथांब्यावर एक बाई कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. खांद्याला डब्याची पिशवी, बोलणं मराठवाड्याकडचं. तिने विचारलं, "मावशी, काय हुडकायलाव?"

"भेकर. बाण लागलाय."

"लंगडत गेलं की आत्ताच. त्या झाडीत शिरलं."

ती झाडी म्हणजे आमच्या देवीची देवराई. तिथली काडी कोणी मोडत नाही, चपला घालून आत जात नाही, आणि आत शिरलेलं जनावर देवीचं असतं. कौल मिळाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. देवराईच्या तोंडाशीच देवीचा तांदळा आहे, म्हणजे चांदीचे डोळे बसवलेला बिनघडीव दगड. दिराने चपला काढल्या, तांदळ्याच्या दोन्ही खांद्यांना ओलं करून फूल लावलं आणि हात जोडून बसला. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. एकही पडेना.

"अरे, चिकटलंय ते. उठ!"

"कौलाबिगर आत पाय ठिवायचा न्हाई, वहिनी. आधीच एक पाप झालंय."

मी त्याला वाटेल तसं बोलले. पण खरं सांगायचं तर पाय माझाही उचलला नाही. चिडायला मी पुढे होते, आत जायला नाही. तेवढ्यात आतून कुत्री भुंकली.

तिकडे रस्त्यावर बस आली होती. ती बाई बसकडे गेली नाही. दगड उचलत आमच्या अंगावरून, तांदळ्याच्या शेजारून, चपलांसकट सरळ झाडीत शिरली. दीर ओरडला, "अवो बाई, चपला! हितं देवी हाय!" तोवर तिचा आवाज आला, "मावशी, या लवकर! जित्तं हाय, पर कुत्री आलीत!"

मी फुलांकडे बघितलं नाही. गेले.

ती दगड मारून कुत्री पांगवत होती. भेकर करवंदीच्या जाळीत पडलेलं. जनावराचे डोळे झाकले की ते धडपड कमी करतं, म्हणून मी खाली बसून त्याच्या तोंडावर पदर टाकला. बाण उपटायला निघालेल्या दिराला थांबवून वनखात्याला फोन करायला लावला. मग करण्यासारखं काही राहिलं नाही. हाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं. सकाळपासून चाललेलं माझं तोंड तेव्हा बंद झालं. "आई, आता तूच बघ," एवढंच मनात आलं, आणि त्यात राग नव्हता.

वनखात्याची जीप आली. "कुणी मारला?" साहेबांनी विचारलं. दीर म्हणाला, "म्या." त्याची केस अजून चालू आहे, आणि ती व्हायलाच हवी होती. भेकर वाचलं. जखम भरल्यावर याच डोंगरावर सोडलं, असं कळलं.

ती बाई गवताला हात पुसत म्हणाली, "बस गेली. आज खाडा झाला बघा," आणि हसली. मी नाव विचारेपर्यंत रिक्षात बसून निघूनही गेली. पुढे थांब्यावर मी कितीदा तरी बघितलं. दिसली नाही.

दीर म्हणतो, कौल मिळालाच नाही. मला वाटतं, आमच्या अंगावरून चालत गेला तोच कौल होता. मी वाद घालत नाही. देवीवर चिडायचं मी अजून सोडलेलं नाही, या वयात ते सुटायचंही नाही. पण तिने मदत कुणाच्या हातून पाठवावी आणि ती कशी यावी, हे आता मी तिला शिकवत नाही. आली की बाजूला सरकून वाट देते.