दिल्लीला नेलेली ताजी चटणी

देशाच्या अन्न उद्योगासाठी पुढची काही वर्षं कशावर संशोधन व्हावं आणि त्यातल्या कुठल्या कामाला सरकारी पैसा आधी मिळावा, हे ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलं, तेव्हा ही बातमी सोलापुरात कुणाला सांगायची मी बाकी ठेवली नाही. दूधवाल्याला सांगितली. इस्त्रीवाल्याला सांगितली, तर तो म्हणाला, “मग कोट कधीपर्यंत पाहिजे?” खरं तर बोलावणं एका ज्येष्ठ प्राध्यापकांना होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि कुणीतरी पाठवायलाच हवं म्हणून मला पाठवलं. हा तपशील मात्र मी स्वतःपाशीच ठेवला. मी इथल्या एका कॉलेजात अन्न तंत्रज्ञान शिकवतो. बायको म्हणाली, “भाजी कुठली आणायची हे मंडईत उभं राहून मला फोन करून विचारता. देशाचं काय ठरवणार?”

पण माझा विषय ठरलेला होता. माझी धाकटी बहीण सोलापूरजवळच्या वळसंगला असते आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी विकते. कुटताना चटणीला तेल सुटतं, तीच तिची खरी चव. आणि तेच तेल महिना-दीड महिन्यात खवट होतं. पुण्या-मुंबईत दुकानं असलेल्या एका व्यापाऱ्याने तिला सांगितलं होतं, की पाकिटावर ‘सहा महिने टिकेल’ असं छापता आलं तर तो कायमचा माल उचलेल. संशोधन मंजूर झालं तर वर्षभर थांबायची आणि तोवर थोडा थोडा माल उचलायचीही त्याची तयारी होती. या भरवशावर बहिणीने गल्लीतल्या दोघींना शब्द देऊन टाकला होता. दोघी रोज सकाळी एसटीने सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जायच्या आणि अंधार पडल्यावर परत यायच्या. आता त्यांना गावातच काम मिळणार होतं.

“दादा, तू एवढा शिकलेला हाय की. काढ काहीतरी,” बहीण म्हणाली होती.

चव न बदलता आणि औषधं न घालता चटणी टिकवणं हे खरोखर अवघड काम आहे. त्याला यंत्रं लागतात आणि राबणारी माणसं लागतात. आमच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा उन्हाळ्यात रुसून बसतो. तेव्हा जे काही होणार ते दिल्लीच्या समितीच्या यादीत चटणीचं नाव आलं तरच. मी बहिणीला सांगून टाकलं, “झालंच समज.” उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आमच्या घराण्यावरूनच पडली असावी.

बैठकीला नमुना न्यायचा, म्हणून मी वळसंगला गेलो. परत आलेली खवट पाकिटं बहिणीच्या माळ्यावर पडून होती. मी ती न्यायलाच गेलो होतो, निदान निघताना तरी माझं डोकं ठिकाणावर होतं. तिने एक पाकीट फोडलं, नाकाशी नेलं आणि लांब धरलं.

“हे ठेवणार तू दिल्लीच्या लोकांपुढं? त्यांना वाटंल, सोलापूरची चटणी अशीच असती.”

मी लगेच मान डोलावली. त्या क्षणी मला असं वाटलं, की अख्ख्या जिल्ह्याची अब्रू माझ्या बॅगेतून जाणार आहे. बहिणीने नव्या शेंगा भाजल्या, सोलून पाखडल्या, लसूण-जिरं-तिखट घालून कुटल्या. वर कागदात गुंडाळून कडक भाकऱ्या दिल्या. घर भाजलेल्या शेंगांच्या वासाने भरून गेलं होतं. निघताना ती म्हणाली, “पुरंल की न्हाय? आनखी घाल.”

समितीच्या खोलीत भिंतीवर मोठे कागद लावले होते. एकेका कागदावर एकेक अडचण, आणि प्रत्येक सदस्याच्या हातात एक लाल टिकली. ज्या अडचणीवर संशोधन व्हावंसं वाटेल तिथे टिकली चिकटवायची. देशाच्या संशोधनाची दिशा अशी ठरते हे पाहून मला धीर आला. हे आपल्याला जमण्यासारखं होतं.

माझ्या आधी डोंगराळ भागातल्या एक बाई बोलल्या. त्यांनी बांबूच्या कोंबांच्या लोणच्याचा फुगलेला डबा आणला होता. तो त्यांनी सरळ टेबलावर उघडला. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, एकाने खिडकी उघडली. मला बाईंची दया आली. चारचौघांत काय आणावं याची काही रीत असते, असं मनात म्हणत मी माझा डबा पुढे सरकवला.

मग मी बोललो. सोलापूरची कोरडी हवा, आमची शेंग, आमचं उखळ, कडक भाकरी महिनोन्‌महिने कशी टिकते, सगळं सांगितलं. खवटपणावर एक वाक्य बोललो, पण तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे भाकरी मोडत होते. एक गृहस्थ बोटाने डब्याची कड निपटत होते. अध्यक्ष डोळे मिटून चावत राहिले आणि म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, ही इतकी उत्तम चीज आहे, हिच्यावर संशोधन कशाला करायचं? हिला कुणी हात लावू नये.”

मी म्हणालो, “थँक यू, सर.” आणि तेही हात जोडून.

बाकी सगळ्या टिकल्या लोणच्याच्या कागदावर गेल्या. माझ्या कागदावर एकच होती, माझी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी तर डबा भरून दाखवलं होतं.

कॉलेजात हा किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. आणखी एकदा सांगा म्हणाले, मीही सांगितला. बहिणीला फोनवर सांगितला तेव्हा ती आधी म्हणाली, “आवडली न्हवं पन?” मग म्हणाली, “त्या दोघींना तू येऊन सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय.”

रविवारी गेलो. दोघी बहिणीच्या ओसरीवर बसल्या होत्या. कारखान्यात आता महिनाअखेरपर्यंतच येणार असं त्यांनी सांगून टाकलं होतं, हे मला तिथे कळलं. मी घसा साफ केला आणि कॉलेजात सांगितला तसाच सगळा किस्सा सांगितला. टिकल्या, रुमाल, बोटाने डबा निपटणारे गृहस्थ, काही गाळलं नाही. हसू कुठे येतं हे मला पाठ होतं, तिथे मी थांबतही होतो.

कुणी हसलं नाही. मला भयंकर लाज वाटली.

त्यातली थोरली विचार करत होती. मग तिने शांतपणे विचारलं, “म्हंजे सर, नासकी नेली असती तर आमचं काम झालं असतं व्हय?”

“हो,” मी म्हणालो.

तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण खाली मान घालून बसली होती. “न्हाय, पन तसली कशी नेणार,” थोरली म्हणाली, आणि उद्याची एसटी चुकायला नको म्हणून दोघी उठल्या.